‘प्रवचन’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

रोबोंबद्दलचे लोकमत कसकसे बदलत गेले, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. लोकांचे कौतुक आणि लोकांची भीती यंत्राच्या करामतीपेक्षा स्वतःच्या नोकरीच्या शाश्वतीवर अधिक ठरते, असे मी लिहिले होते. त्यावर आपण सर्वेक्षणाचे आकडे आणि जपानचे उदाहरण या दोन्हींवर आक्षेप घेतलात आणि शेवटी लिहिलेत, ‘कारखान्यात पाऊल न ठेवलेल्यांनी कामगारांच्या भीतीवर प्रवचन देऊ नये.’ मतभेदाचे मी स्वागतच करतो. परंतु ज्या व्यक्तीविषयी आपल्याला काहीही ठाऊक नाही, तिच्या आयुष्याबद्दल असा शेरा मारणे हा मतभेद नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे भाग आहे.

लेखनाकडे वळण्यापूर्वी मी चाकण परिसरातील एका सुट्या भागांच्या कारखान्यात देखभाल विभागात नोकरीला होतो. वेल्डिंगच्या विभागात रोबो बसवले गेले तेव्हा जाळीच्या कुंपणाआत शिरून टीच पेंडंटवर, म्हणजे रोबोला हालचाली शिकवण्याच्या हातात धरायच्या नियंत्रकावर, त्यांना एकेक बिंदू शिकवणाऱ्यांत मीही होतो. खंडेनवमीला त्यांची पूजा झाली. रोबोचा हात फिरताना माळ तुटेल म्हणून झेंडूची माळ खालच्या बैठकीला बांधली होती आणि कंट्रोलरच्या दारावर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती. परमनंट कामगार मुलाबाळांना घेऊन आले होते आणि रोबोपुढे फोटो काढत होते. त्याच दिवशी कंत्राटावरचा एक मुलगा मला बाजूला घेऊन विचारत होता, “साहेब, या खेपेला ब्रेक दिला की परत बोलावतील ना?” ब्रेक म्हणजे कंत्राटाची मुदत संपल्यावर काही काळ घरी बसवणे. एकाच छपराखाली एकाच यंत्राकडे पाहणाऱ्या या दोन नजरा मी पुस्तकातून उचललेल्या नाहीत. त्या मुलाला रोबो भीतिदायक वाटत नव्हता, गेटपासाची मुदत भीतिदायक वाटत होती. हे लिहिण्याचा अधिकार मला नसेल, तर तो नेमका कोणाला आहे, हेही आपण सांगायला हवे होते.

अमेरिकेत याहून वेगळे घडले नाही. युनिमेट हा रोबो 1961 मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात कामाला लागला. पाच वर्षांनी जॉनी कार्सनच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने गोल्फचा चेंडू ढकलला, बिअर ओतली, वाद्यवृंदाचे संचालन केले आणि प्रेक्षक खूश झाले. त्याच जातीचे रोबो ओहायोतील लॉर्ड्सटाउनच्या जनरल मोटर्सच्याच कारखान्यात वेल्डिंग करू लागले, व्यवस्थापनाने तासाला सुमारे शंभर गाड्यांचा वेग गाठायला लावला, माणसे कमी केली, आणि 1972 मध्ये तेथे 22 दिवसांचा संप झाला. मागण्या वाढलेल्या वेगाच्या आणि कमी केलेल्या माणसांच्या होत्या; रोबो हटवा, ही मागणी नव्हती. लेखात हे सविस्तर होते. आपण तो परिच्छेद वाचला होता का, असा प्रश्न मला खरोखर पडला आहे.

आकड्यांबाबत आपली एक सूचना मान्य करतो. युरोबॅरोमीटर या युरोपीय संघाच्या जनमत सर्वेक्षणात रोबोंबद्दल अनुकूल मत असणारे 2012 मध्ये 70 टक्के होते आणि 2017 मध्ये 61 टक्के, पण दुसऱ्या खेपेला प्रश्नात कृत्रिम बुद्धिमत्ताही आली होती, हे नोंदवणे योग्य ठरले असते. तथापि 2014 मध्ये केवळ रोबोंबद्दलच विचारले असतानाही प्रमाण 64 टक्क्यांवर आले होते, त्यामुळे घसरणीचा मुद्दा कायम राहतो.

जपानी संस्कृतीविषयी आपण लिहिलेल्या भागाला सविस्तर उत्तर देण्याचे कारण मला दिसत नाही. कावासाकी या कंपनीने 1969 मध्ये रोबो बनवायला सुरुवात केली तेव्हा जपानमध्ये मनुष्यबळाची टंचाई होती आणि मोठ्या कंपन्यांत आजन्म नोकरीची प्रथा होती. म्हणजे तिथेही प्रश्न नोकरीच्या शाश्वतीचाच होता, एवढे ध्यानात घेतले की पुरे.

प्रसारमाध्यमांना मी ‘उगाच झोडपले’, असे आपण म्हणता. डिसेंबर 2017 मध्ये सोफिया ही माणसासारखी दिसणारी, बोलणारी रोबो मुंबईत आयआयटीच्या टेकफेस्टला साडी नेसून आली, तेव्हा तिच्या साडीचे आणि उत्तरांचे वार्तांकन झाले. चाकणच्या जाळीआड दिवसरात्र वेल्डिंग करणाऱ्या रोबोंची आणि त्यांच्या बाजूला ब्रेकची वाट पाहणाऱ्या मुलांची बातमी माझ्या नोकरीच्या सबंध काळात मी एकदाही वाचली नाही. या तफावतीवर बोट ठेवणे आपल्याला झोडपणे वाटत असेल, तर ते मी यापुढेही करीन. लॉर्ड्सटाउनच्या संपाचे वेगळे स्पष्टीकरण आपल्याकडे असल्यास अवश्य लिहावे, मी ते मनापासून वाचेन. माझ्या पात्रतेची चौकशी मात्र यापुढे इथे नको.