खतावणीपेक्षा भोक पाडणारा पंच महत्त्वाचा

‘इंग्रजी अमलात कोर्टाचे हिशेब सुधारले ते नव्या खतावण्यांमुळे’ हे कोर्टाच्या हिशेबांवरच्या लेखातलं विधान पटलं नाही. खरा बदल केला तो १८७० च्या कोर्ट फी कायद्यानं. कलम २५ प्रमाणे फी मुद्रांकातूनच घ्यायची, म्हणजे कारकुनाच्या हातात फीची रोकडच नको. कलम ३० तर आणखी कडक: मुद्रांकाच्या तिकिटावरचं मुखचित्र भोक पाडायच्या पंचानं उडवायचं, छापलेली किंमत शाबूत ठेवायची आणि कापलेला तुकडा जाळायचा किंवा दुसऱ्या रीतीनं नष्ट करायचा! तेच तिकीट पुन्हा दुसऱ्या अर्जाला लावणार कसं?

ठाण्याच्या कोर्टात मी बरीच वर्षं अर्ज दाखल करून घेतले. वीस वर्षांपूर्वीची फाईल काढली तरी भोकाशेजारची रक्कम वाचून रजिस्टरशी ताडता यायची. लेखात या पंचाचा उल्लेखसुद्धा नाही, याचं खरंच वाईट वाटलं.