‘बारा प्रती’वाला फॉरवर्ड आमच्या दाजींपर्यंत पोचला

दाजींनी तो मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला असता तर मी सोडून दिलं असतं. त्यांनी तो थेट लेकीला पाठवला. भाची न्यू जर्सीत नोकरी सांभाळून तीन वर्षं पहाटे उठून इंग्रजी कादंबरी लिहितेय. आता म्हणते, “मामा, बाराच प्रती खपणार असतील तर कशाला?”

मेसेज म्हणतो: अमेरिकेत निम्म्या पुस्तकांच्या बारा प्रतीही खपत नाहीत, हे कोर्टात सिद्ध झालंय; प्रकाशक फक्त सेलिब्रिटींना छापतात; पुस्तक पडलं की अॅडव्हान्स (विक्रीतल्या वाट्यापोटी लेखकाला आगाऊ मिळणारी रक्कम) परत करावा लागतो; तेव्हा खालच्या लिंकवर पैसे भरून स्वतःच छापा.

कोर्टात सिद्ध वगैरे काही झालेलं नाही. पेंग्विन रँडम हाउस या बड्या प्रकाशकाला सायमन अँड शुस्टर ही दुसरी प्रकाशनसंस्था विकत घ्यायची होती, त्या 2022 च्या खटल्यात 58,000 पुस्तकांपैकी निम्मी डझनभरही खपत नाहीत असं एक वाक्य येऊन गेलं. तेच जगभर फिरलं. मग बुकस्कॅनच्या, म्हणजे अमेरिकेतली छापील पुस्तकांची विक्री मोजणाऱ्या सेवेच्या, क्रिस्टन मॅकलीन यांनी दहा मोठ्या प्रकाशकांच्या 45,571 नव्या पुस्तकांची वर्षभराची विक्री काढून दाखवली. बाराच्या आत किती? 14.7 टक्के. निम्मी कुठे आणि हे कुठे! त्यातही ई-बुक आणि ऑडिओ धरलेले नाहीत.

आता कबूल करायला जिवावर येतंय, पण त्याच आकड्यांत सुमारे 66 टक्के पुस्तकं हजाराच्या आत आहेत आणि लाखाच्या वर गेलेली फक्त 163. ऑथर्स गिल्ड या अमेरिकेतल्या लेखक-संघटनेच्या पाहणीत पूर्णवेळ लेखकांचं 2022 चं पुस्तकांवरचं मध्यक उत्पन्न (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) 10,000 डॉलर होतं. म्हणजे नोकरी सोडू नको, हे दाजींचं म्हणणं बरोबर. ती सोडतच नव्हती, हा भाग वेगळा.

गंमत म्हणजे कोर्टाचा निकाल या मेसेजच्या अगदी उलट्या अंगाचा आहे. न्यायाधीश फ्लोरेन्स पॅन यांनी 31 ऑक्टोबर 2022 ला ते विलीनीकरण अडवलं, कारण प्रकाशक कमी झाले की बोली लावणारे कमी होतील आणि लेखकांचे अॅडव्हान्स घसरतील. भयकथा लिहिणाऱ्या स्टीफन किंगनं तर स्वतःच्याच प्रकाशकाच्या सौद्याविरुद्ध साक्ष दिली.

सेलिब्रिटींवर पैसा उधळतात, खरंय. पण वर्षाला हजारो नवी पुस्तकं काढायला तितके सेलिब्रिटी आणायचे कुठून? अॅडव्हान्सचं म्हणाल तर, ठरलेलं हस्तलिखित दिलं, पुस्तक निघालं आणि खपलं नाही, तर तो तोटा प्रकाशकाचा. लेखकाला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा, पुढे मिळत नाही, एवढंच. अॅडव्हान्स हप्त्यांनी मिळतो आणि त्यातले साधारण 15 टक्के एजंट, म्हणजे लेखकातर्फे प्रकाशकाशी सौदा करणारा, घेतो, हे मेसेजवाल्याला माहीतच नसावं.

आणि ती लिंक. खरं विष तिथे आहे. आधी घाबरवायचं, मग पॅकेज विकायचं. खरा एजंट हस्तलिखित वाचायचे पैसे मागत नाही. विकलं गेलं तरच त्याचा वाटा. स्वतः छापायला माझी ना नाही, पण ते डोळे उघडे ठेवून, दाजी, घाबरून नव्हे.

भाचीला मॅकलीनबाईंचे आकडे पाठवलेत. तिचं उत्तर आलं: “163 मध्ये नको, पण हजाराच्या वर चालेल.”