गॅरेज मालकाचं उत्तर: फियाट लिनिया टी-जेटच्या रिमॅपवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याच्या कामावर) आलेला एक स्टारचा रिव्ह्यू

नमस्कार सर,

तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. तीन दिवसांत गाडी देतो असं मीच तोंडानं बोललो होतो. मधले दोन दिवस तुमचा फोन उचलला गेला नाही, हेही खरं. चूक मान्य.

पण 'तीन दिवस सांगून अकरा दिवस गाडी अडकवली' हे काल रात्री बायकोनं वाचून दाखवलं, तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. अडकवली हा शब्द, सर, पैशांसाठी गाडी दाबून ठेवणाऱ्याला लावतात. म्हणून दिवसांचा हिशोब इथेच मांडतो. वाचणाऱ्यांनी ठरवावं.

गाडी बुधवारी सकाळी दहाला येणार होती. आली संध्याकाळी साडेसातला, आम्ही शटर ओढत असताना. गुरुवारी इकडे भोसरीत एमआयडीसीची सुट्टी, तीच आमची. हे बुकिंगलाच सांगितलं होतं. तुमच्या अकरातले दोन तिथेच गेले.

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप जोडून गाडी फिरवली, तर इसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मागतोय तेवढा बूस्ट, म्हणजे टर्बोच्या पंख्यानं इंजिनात दाबलेल्या हवेचा दाब, येतच नव्हता. अशा गाडीवर तसाच मॅप (नवी सेटिंग) टाकून शनिवारी चावी हातात देता आली असती. तुम्ही पाच स्टारही दिले असते. पण टर्बोची हवा वाटेत गळत असेल तर तेवढाच बूस्ट भरून काढायला तो जास्त फिरतो, जास्त तापतो. त्यावर रिमॅप करून आणखी बूस्ट मागायचा म्हणजे दम लागलेल्या माणसाला जिना चढायला लावण्यासारखं आहे.

मग पीव्हीसीची टोपी, तिला ट्यूबचा व्हॉल्व्ह, असं आमचं घरगुती यंत्र टर्बोच्या तोंडाला लावून कंप्रेसरची हवा भरली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजला, म्हणजे रबरी पाइपला, क्लॅम्पच्या अगदी कडेला, नखाएवढी चीर होती. हातानं चाचपून कळत नव्हती. हवा भरली की उघडायची आणि फेस यायचा. तो व्हिडिओ आणि ३,८०० चा खर्च शुक्रवारी दुपारी सव्वाबाराला तुम्हाला व्हॉट्सॲप केला. निळ्या टिका लगेच आल्या. 'ओके करा' आलं रविवारी रात्री. विचारल्याशिवाय रुपयाचंही काम करायचं नाही हा माझा नियम आहे, म्हणून शुक्रवार, शनिवार, रविवार गाडी उभी. बिल २२ चं जवळपास २६ हजार केलं असं तुम्ही लिहिलंय. २२,००० अधिक हे ३,८००, बरोबर २५,८००. त्याला तुमचा होकार माझ्या फोनमध्ये आहे.

सोमवारी पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट्सची चार दुकानं फिरलो. गाडी आपल्या रांजणगावलाच बनलेली, पण मॉडेल बंद होऊन किती वर्षं झाली, होज काउंटरवर मिळत नाही. मंगळवारीही तेच. (फोन उचलला नाही ते हेच दोन दिवस. मी स्कूटरवर होतो, आणि गॅरेजचा नंबर माझ्याच खिशात असतो.) शेवटी मुंबईहून मागवला, बुधवारी संध्याकाळी आला. गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मी एकट्यानं शटर उघडून होज बसवला, स्पार्क प्लग बदलले, त्यांच्या टोकांमधली गॅप कमी करून घातले, मॅप टाकला. त्याचे जादा पैसे लावले नाहीत. शुक्रवारी रोड टेस्ट, शनिवारी सकाळी गाडी तुमच्या ताब्यात. हे झाले अकरा दिवस.

पिकअप जाणवत नाही म्हणता, त्याबद्दल थोडक्यात. कंपनीचे ११४ पीएस आणि २०७ एनएमचा टॉर्क, गाडी २०११ ची, क्लच पहिलाच. मी बूस्ट मुद्दाम आवरून ठेवलाय, नाहीतर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरला असता आणि तो खर्च होजच्या कितीतरी पट झाला असता. दुसरं, ऑनलाइन आणलेला ओपन (बॉक्सशिवायचा) एअर फिल्टर तुम्ही आग्रहानं बसवून घेतलात. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो. आवाज छान येतो, पण नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी मरगळणारच. ओरिजिनल एअर बॉक्समध्ये चांगला पॅनेल (चपटा) फिल्टर टाका, स्वस्तात होईल, असं मी दोनदा म्हणालो होतो.

आणि सर, गाडी न्यायला आलात तेव्हा बरोबरचे दोघं मित्र कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाका, एक्झॉस्टमधून फटाके वाजतील असा मॅप द्या म्हणत होते. मी नाही म्हणालो. ते फटाके म्हणजे एक्झॉस्टमध्ये जळणारं पेट्रोल, त्यानं टर्बो आणि कॅट दोन्हींची वाट लागते. पीयूसी आणि पोलिस वेगळेच. त्यावरून मित्रांपैकी एक जण बोलला तेच वाक्य तुमच्या रिव्ह्यूत शेवटी आलंय, 'छोटं गॅरेज, मोठ्या बाता'. छोटं आहे, सर. दोन गाड्या आत, तिसरी रस्त्यावर. मी आणि दोन पोरं. गणपतीच्या आधीचा महिना, याच दिवसांत चार पैसे सुटतात, आणि नवीन माणूस नंबर शोधतो तेव्हा सगळ्यात वर तुमचा एक स्टार दिसतो. परवा एका पोलोवाल्यानं बुकिंग रद्द केलं. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता यापुढे दिवस तोंडी न सांगता लिहून देणार आहोत, आणि फोनसाठीही काहीतरी व्यवस्था करतोय.

तुमचा ओरिजिनल एअर बॉक्स 'राहू दे इथेच' म्हणून ठेवून गेलात. तो वरच्या फळीवर आहे, गाडीचा नंबर लिहून, पिशवीत बांधून. गाडी घेऊन या, बॉक्स परत बसवतो, लॅपटॉप लावून तुमच्या शेजारी बसून एक चक्कर मारू. मजुरी घेणार नाही. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, फक्त 'अडकवली' एवढा शब्द जमलं तर बघा.

गुरुवार सोडून कधीही या.