कागद खरे, कादंबरी खोटी?

‘परदेशांत गेलेल्या चिनी लोकांचा इतिहास समजून घ्यायचा तर कादंबऱ्यांच्या नादी लागू नका, आधी कागदपत्रं वाचा,’ असा सल्ला नवख्या वाचकाला हमखास मिळतो. शहाणपणाचा वाटतो खरा, पण नेमक्या याच इतिहासात तो टिकत नाही.

म्हणे, कागद खोटं बोलत नाहीत. अमेरिकेने १८८२ साली कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतल्या जन्मनोंदी जळाल्या. मग अनेकांनी आपला जन्म इथलाच असल्याचं सांगून नागरिकत्व मिळवलं, चीनमध्ये आपले मुलगे असल्याची खोटी नोंद केली आणि ती नावं तिकडून येऊ पाहणाऱ्यांना विकली. ती नावं घेऊन येणारे हेच ‘कागदी मुलगे’. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, अधिकारी विचारायचे: घराला पायऱ्या किती, विहीर कुठे, शेजारी कोण? उत्तरं आधीच घोकून ठेवलेली असत. ती आज सरकारी दप्तरात आहेत, शिक्क्यानिशी! एका आडनावाने जगायचं आणि दुसरं घरातही जपून उच्चारायचं, याचा ताण त्या जबाबांत दिसणार कसा? तो कादंबरीतच भेटतो.

दुसरा आक्षेप, लेखक तिथे नव्हता. बरं, जे होते त्यांचं काय उरलं? अमेरिकेच्या आरपार जाणारी रेल्वे १८६९ मध्ये पुरी झाली. तिच्यावर हजारो चिनी मजूर राबले, १८६७ मध्ये त्यांनी संपही केला. त्यांच्यापैकी एकाचंही पत्र किंवा रोजनिशी संशोधकांना मिळालेली नाही. पगारपत्रकं आहेत, पण ती कंपनीची, आणि त्यांत बहुधा मुकादमाचंच नाव.

‘कथेच्या नादात मूळ गोष्टी बिघडतात’ या तक्रारीत मात्र दम आहे. चिनी वंशाच्या अमेरिकी लेखिका मॅक्सीन हाँग किंग्स्टन यांनी ‘द वुमन वॉरियर’मध्ये चिनी सेनापती युए फेईच्या पाठीवरची गोंदलेली अक्षरं दंतकथेतल्या लढवय्या मुलानच्या पाठीवर नेली, त्यावरून टीकाही झाली. पण त्यांच्याच ‘चायना मेन’मध्ये मधोमध एक प्रकरण आहे, चिन्यांविरुद्धच्या अमेरिकी कायद्यांची सालवार जंत्री. नवख्याने तेच आधी वाचलं तरी चालेल.

आणि ‘आपला काय संबंध?’ आपल्याकडे १९६२ म्हटलं की सीमा आणि सैनिक आठवतात. त्या युद्धात भारतातल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. त्यांत आसामातल्या माकुमचेही होते. त्यांच्यावर रीता चौधरी यांनी असमियात ‘माकाम’ लिहिली, तीही कादंबरीच.

एका कादंबरीवर थांबू नये, हे मान्य. सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट वाचून कोलकात्याच्या टांग्रा भागात पूर्वी चामडं कमावणारे हक्का समाजातले चिनी कळायचे नाहीत.