पुढचं डिफरन्शियल ‘आयुष्यभराचं’ नसतं

पाऊस जवळ आला की फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद देता येणाऱ्या) पिकअपवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. विषय पुढच्या डिफरन्शियलचा, म्हणजे पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या आणि वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीचा. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ‘पुढचं डिफरन्शियल सीलबंद असतं. फोर-बाय-फोर लावत नसाल तर ते फिरतच नाही, मग तेल कशाला बदलायचं? आवाज आलाच तर जाड तेल टाका. महिन्यातून एकदा डांबरी रस्त्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) लावून चालवा, पुरे.’ यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ऐकलं तर क्राऊन-पिनियनचा, म्हणजे आतल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी गिअरचा, सेट हातचा जाईल, आणि तो जोडीनेच बदलावा लागतो.

‘सीलबंद’ म्हणणाऱ्याने हाऊसिंगवरचा (बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर पाहिलेला नाही. आतली हवा तापून फुगली की तिला बाहेर जायला तीच वाट. घाट चढून आलेली गाडी तशीच फरशी पुलावरच्या पाण्यात घातली की ही हवा एकदम आकसते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून, चिखलाने तुंबला असेल तर ऑईल सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. गेल्या पावसाळ्यात मी माझ्याच पिकअपच्या डिफरन्शियलचा प्लग उघडला, तर दुधाच्या चहासारखं तेल निघालं. गाडी ओढ्यातून एकदाच गेली होती, आवाज काहीच नव्हता. असं तेल दातांवर टिकत नाही, आणि बेअरिंग आतून गंजायला लागतात.

आता ‘फिरतच नाही’ हे. ज्या गाडीत पुढची चाकं शाफ्टपासून सुटत नाहीत, तिथे टू-एचमध्येही (फक्त मागच्या चाकांना ताकद असताना) चाकंच शाफ्टला फिरवतात, आणि त्यामागून क्राऊन, पिनियन, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (इंजिनकडून ताकद आणणारा दांडा), सगळंच फिरतं. टोयोटाच्या कित्येक फोर-बाय-फोर गाड्यांत एका बाजूचा शाफ्ट सुटतो. तिथे क्राऊन थांबतो हे खरं, पण जोडलेल्या चाकाकडचा गिअर एका दिशेने फिरतो आणि पलीकडचा उलट्या दिशेने. मधले छोटे गिअर, ज्यांना एरवी वळणावरच काम, ते सरळ रस्त्यावरही सतत पळत राहतात. फक्त हब (चाकाचा मधला भाग) शाफ्टपासून मोकळे सोडता येणाऱ्या गाडीत आतलं सगळं खरोखर स्थिर असतं. तिथे दुखणं वेगळं: तेल तळाला बसतं, वरचे दात आणि सीलची कड कोरडी पडते. म्हणून महिन्यातून एकदा फोर-बाय-फोर लावणं चांगलंच. टोयोटाच्या काही गाड्यांच्या पुस्तकात महिन्याला 16 किलोमीटर दिलेले आहेत.

पण मातीच्या रस्त्यावर! वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि पार्ट-टाइम (गरजेपुरत्याच लावायच्या) फोर-बाय-फोरमध्ये हा फरक झेलायला पुढच्या-मागच्या शाफ्टांच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. मातीत टायर थोडा घसरतो आणि ताण सुटतो. डांबरावर तो शाफ्टमध्ये साठतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लीव्हर परत निघत नाही. मग लोक ‘डिफरन्शियल गेलं’ म्हणत गॅरेज गाठतात. ते गेलेलं नसतं.

जाड तेलाने आवाज दबतो, झीज चालूच राहते. आधी आवाज कुठला ते ओळखा. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की बदलतो तो टायरचा. डावी-उजवी झोक घेताना कमी-जास्त होतो तो बहुधा चाकाच्या बेअरिंगचा. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट करतो तो सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाकडच्या शाफ्टचा वळणारा सांधा). ॲक्सिलरेटर दाबला की हुंकार चढतो आणि सोडला की सूर पालटतो, तेव्हा क्राऊन-पिनियनवर संशय घ्या. आणि तेल पुस्तकात दिलेल्याच ग्रेडचं घाला. क्राऊन-पिनियनच्या हायपॉइड (एकमेकांवर घसरत फिरणाऱ्या) दातांना बहुतेक ठिकाणी जीएल-5 दर्जाचं गिअर ऑईल लागतं. उरलं म्हणून तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका, काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवत नाही.

तपासणी दहा मिनिटांची. गाडी सपाट जागी, आणि आधी वरचा फिलर प्लग सोडवा. तोच जाम निघाला तर तेल काढून बसाल आणि भरायला वाट नसेल. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागलेलं हवं, त्याहून वर नको. ओढ्या-नाल्यातून हबच्या वर पाणी गेलं असेल तर किलोमीटर मोजत बसू नका, त्याच आठवड्यात प्लग उघडा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक राखाडी लेप नेहमीचाच. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर मात्र नवं तेल भरू नका, हाऊसिंग खोलायला सांगा.