काकू, गिझर लावता ना?

जानेवारीचं वीजबिल हातात पडलं असेल आणि आकडा बघून घाम फुटला असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असताना, द्राक्षबागांत मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवत असताना, तुम्हाला स्वेटरच्या आत घाम फुटतोय. हीटर नको, शेगडी नको. नुसतं बिल उघडायचं. ही सेवा विनामूल्य आहे, तिचा आकार अजून तरी बिलात वेगळा दाखवत नाहीत.

आता तुमच्या मनात येईल की आकडा चुकलाय, आपण वीज कंपनीच्या ऑफिसात जाऊन सांगू, ते बघतील आणि दुरुस्त करून देतील. असं वाटायला लागलं की ब्लँकेट डोक्यावरून ओढून घ्या आणि वाटणं थांबेपर्यंत पडून राहा. नाहीच थांबलं, तर खालचे सल्ले वाचा. सगळे ताजे आहेत, गेल्याच आठवड्यात मिळवलेले.

सर्वांत आधी गिझरची कबुली द्या. खिडकीशी पोचलात की बिल पुढं सरकवायच्या आत प्रश्न येईल, "काकू, गिझर लावता ना?" इथं खोटं बोलायचं नाही. हो म्हणायचं. हो म्हटलंत की तक्रार निकाली निघाली, तुम्ही घरी जायला मोकळ्या. उन्हाळ्यात या प्रश्नात गिझरच्या जागी एसी येतो आणि पावसाळ्यात इस्त्री. बाकी प्रश्न तोच, खिडकी तीच आणि चूक तुमचीच.

माझी अडचण अशी झाली की मी आयुष्यभर आठवीच्या पोरांना उष्णता शिकवली. पंधरा लिटरची टाकी. थंडीत नळाचं पाणी वीस अंश धरा, कढत म्हणजे पंचावन्न. पस्तीस अंशांनी तापवायचं. म्हणजे सव्वापाच लाख कॅलरी, म्हणजे साधारण ०.६ युनिट. टाकीतून थोडी उष्णता वाया जाते म्हणून उदार मनानं पाऊण युनिट धरू. एक टाकी, पाऊण युनिट. आमच्या घरात माणसं दोन, मी आणि आमचे हे. महिन्याचा आमचा वापर शंभर युनिटांच्या आत असतो, गिझर धरून. यंदाच्या बिलात नेहमीपेक्षा ४५० युनिट जास्त. म्हणजे ६०० टाक्या. म्हणजे रोज वीस. म्हणजे रोज तीनशे लिटर कढत पाणी, त्यात विसावण घातलं की दुप्पट. कुंभमेळा २०२७ मध्ये आहे, पण आमच्या बाथरूममध्ये यंदाच रोज पर्वणी चालू आहे आणि सगळ्या आखाड्यांना आम्ही दोघंच पुरतोय.

हे सगळं मी कागदावर मांडून नेलं होतं. समोरच्या मुलानं तो कागद अदबीनं परत केला आणि म्हणाला, "काकू, थंडीत सगळ्यांचंच वाढतं."

म्हणून दुसरा सल्ला, गणित घरी ठेवून जा.

बिलावर मीटरचा फोटो छापलेला असतो, तो पुरावा म्हणून दाखवायला जाऊ नका. माझ्या बिलावरच्या फोटोत पार्किंगमधल्या एका स्कूटरचं मडगार्ड आहे. फोटो चांगला आलाय. प्रकाशयोजना उत्तम. मीटर तेवढा त्यात नाही.

आता जरा जपून वाचा, कारण हा मुद्दा मला अजून शांतपणे सांगता येत नाही. मी आमच्या मीटरपाशी गेले. मीटर घरात नाही, खाली पार्किंगमध्ये आहे, भिंतीवर, सगळ्यांचे रांगेत, कुलूप नाही, कुत्रं नाही. बटण दाबून आकडा पाहिला. बिलात "चालू रीडिंग" म्हणून जो आकडा छापलाय, तिथपर्यंत मीटर अजून पोचलेलंच नव्हतं! बिल छापून झालं, वाटून झालं, आणि मीटर बिचारं मागून चालत येतंय. आमच्या वापराच्या वेगानं ते त्या आकड्यापाशी पुढच्या पावसाळ्यात पोचेल. म्हणजे ज्या विजेचे पैसे आम्ही आत्ता भरायचे, ती वापरायची आहे अजून. मी मोबाईलवर मीटरचा फोटो काढला, तारखेसकट, आणि खिडकीत दाखवला. आता तरी कोणी खुर्चीतून उठेल असं मला वाटलं होतं. तो मुलगा म्हणाला, "आमच्याकडे सिस्टीमला तर हेच रीडिंग आहे." म्हटलं, अरे, सिस्टीमला असेल, पण भिंतीवर नाही ना! तर म्हणतो, "तुम्ही आत्ता भरून टाका, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल."

ॲडजस्ट. नीट समजून घ्या हे ॲडजस्ट. घरगुती बिलात पहिले शंभर युनिट स्वस्त असतात. त्याच्या पुढं वीज आकार दुपटीवर जातो, तीनशेच्या पुढं आणखी, पाचशेच्या पुढं आणखी. आम्ही शंभराच्या आतले लोक. आमचे पुढच्या चार-पाच महिन्यांचे युनिट एकाच महिन्यात मोजले, की ते सगळे चढत्या दरानं मोजले जातात. नंतर युनिट ॲडजस्ट होतील हो, ते कुठं पळून जातायत! पण दराचं काय? पाचशेच्या पुढच्या पायरीनं घेतलेले पैसे पहिल्या पायरीनं कोण परत देणार? वर त्या फुगलेल्या रकमेवर सोळा टक्के वीज शुल्क, तेही चुकीच्या विजेवरचं, सरकारजमा. हे मी विचारलं तेव्हा शेजारच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, एवढं खोलात नका जाऊ."

नाही जात. वरवरचेच सल्ले देते.

घरी बसून ॲपवर तक्रार करा. तक्रार क्रमांक लगेच मिळतो आणि संध्याकाळपर्यंत "आपल्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे" असाही निरोप मिळतो.

टोल-फ्री नंबर लावा. संगीत छान आहे.

मीटर तपासून घ्या, फी तुम्ही भरायची.

तुमच्याकडे नवीन टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळेला किती वीज वापरली ते मोजणारं मीटर असेल तर सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेवर घरगुती ग्राहकांना युनिटमागे सवलत आहे. तेव्हा थंडीत सकाळी सहाला गिझर लावायची उधळपट्टी थांबवा. पोरांना शाळेत पारोसं पाठवा, यांना ऑफिसात पारोसं पाठवा, सगळ्यांनी मिळून दुपारी बाराला रजा टाकून आंघोळी उरका. ऊन असतंच, केसही वाळतात.

छतावर सौर पॅनेल बसवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे आणि योजना खरंच चांगली आहे, थट्टा करत नाही. फक्त त्यासाठी छत लागतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं छत सोसायटीचं असतं, सोसायटीचं छत टाकीचं असतं, आणि उरलेलं छत चेअरमनच्या कुंड्यांचं असतं.

कोणी तत्पर, गोड बोलणारा, पहिल्या रिंगला फोन उचलणारा अधिकारी हवा असेल तर तोही आहे. "तुमचं मागील बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा" असा मेसेज तुम्हालाही आलेला असेल. त्या नंबरवर केव्हाही फोन करा. तो माणूस तुमचं नाव आदरानं घेतो, पूर्ण ऐकून घेतो, मध्येच जेवायला उठत नाही, एक ॲप डाउनलोड करायला सांगतो आणि खातं रिकामं होईपर्यंत तुमची साथ सोडत नाही. भामटा आहे, नंबर अजिबात लावू नका. पण माणसं त्याला का फसतात हे मला आता कळतं. वीज तुटेल या भीतीनं आधीच अर्धमेलं झालेल्या माणसाशी कोणीतरी नीट बोलतंय, एवढंच त्याचं भांडवल.

आता कायद्याचा सल्ला. विद्युत कायदा २००३, कलम ५६. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. हे कलम मी छापून नेलं होतं. वर पिवळ्या पेननं रेघाही मारल्या होत्या, शिक्षकी सवय. त्या मुलानं वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, "काकू, हे कायद्यात असेल, पण सिस्टीम पार्ट पेमेंट घेत नाही. साहेबांची सही लागेल." साहेब साइटवर. साहेब मीटिंगला. साहेब आत्ताच गेले. साहेबांना मी अजून पाहिलेलं नाही, पण टेबलावरचा त्यांचा डबा ओळखीचा झालाय.

एप्रिलमधली गंमत आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा धक्का नको. सुरक्षा ठेव तुमच्या वापराच्या सरासरीवर ठरते, दोन महिन्यांच्या बिलाइतकी. या खोट्या बिलानं सरासरी वाढली की उन्हाळ्यात अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येईल. तिथं जाल तेव्हा विचारतील, "एसी आहे ना?"

ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. त्याच्या वर वीज लोकपाल आहेत, कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला. दोन्हीकडे न्याय मिळतो असं ऐकून आहे. जायला वय, वेळ, गुडघे आणि झेरॉक्स लागतात.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिच्या शेजारच्या आजींना दर हिवाळ्यात घर ऊबदार ठेवायला सरकारकडून दोनशे-तीनशे पौंड मिळतात. २०२४ मध्ये तिथल्या सरकारनं ही मदत बहुतेक पेन्शनरांची बंद केली. म्हाताऱ्यांनी इतका गदारोळ केला की २०२५ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली, आणि फक्त बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्यांना वगळून बाकीच्यांची मदत पुन्हा सुरू झाली. मी भाचीला म्हटलं, आम्हाला पौंड नकोत गं बाई, आम्हाला फक्त न वापरलेल्या विजेचे पैसे नकोत.

पुरे झाले सल्ले.

परवा रांगेत माझ्या पुढं एक आजोबा होते. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बिलं, वर्षावर्षाची, क्रमानं लावलेली. त्यांचंही रीडिंग पुढचं. त्यांनाही विचारलं, "बाबा, गिझर लावता ना?" ते म्हणाले, "आमच्याकडं गिझर नाही. बंब आहे." बंब! लाकडं घालून पेटवायचा तांब्याचा बंब! त्यावर खिडकीतून उत्तर काय, तर "मग हीटर असेल." आजोबांनी आणखी वाद घातला नाही. आतल्या खिशातून पेन्शनचे पैसे काढले, थुंकी लावून मोजले आणि अख्खं बिल भरून टाकलं. म्हणाले, बायको आजारी असते, अंधार परवडायचा नाही.

खिडकीपलीकडच्यांनो, लाज वाटली पाहिजे तुम्हाला. बिलाबद्दल मी बोलतच नाही, चुका होतात. रीडिंग घेणारं पोर कंत्राटावर आहे, दिवसाला शेकडो मीटर उरकायचे असतात, त्यालाही मी बोलत नाही. पण समोर माणूस पुरावा घेऊन उभा आहे आणि तुम्ही त्याच्या आंघोळीची चौकशी करता? सत्तरीच्या माणसाला, ज्याच्या घरात गिझरच नाही, त्याला खोटं ठरवता? चुकीचं रीडिंग टाकायला तुम्हाला एक मिनिट लागलं, आणि ते काढायला आमचा जन्म जायचा? मीटर तुमच्या ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. कोणीतरी उठा. खाली उतरा. डोळ्यांनी आकडा बघा आणि बिल दुरुस्त करा. जमत नसेल तर अर्ज घ्या, त्यावर शिक्का मारा, तारीख घाला, पोच द्या. "ठेवून जा" म्हणून ट्रेमध्ये टाकायचा कागद नाही तो. आणि जोवर वाद मिटत नाही तोवर सरासरीनं पैसे घ्या, कायद्यात लिहिलंय तसे. सिस्टीम घेत नसेल तर सिस्टीम बदला, ती काय देवानं दिलेली नाही.

आणि आपल्या सोसायटीतल्यांनो, तुम्हालाही सांगते. ग्रुपवर "आमचंही आलंय" लिहायचं, हात जोडलेलं चित्र टाकायचं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप ऑनलाइन भरून मोकळं व्हायचं, हे बास झालं आता. तुम्ही भरता म्हणून त्यांचं फावतं. आपल्या विंगेत सात जणांची रीडिंग मीटरच्या पुढं आहेत, मी स्वतः एकेक बटण दाबून पाहिलंय. सोमवारी सकाळी अकरा वाजता बिलं आणि मीटरचे फोटो घेऊन खाली या. सगळ्यांनी. रिक्षाचे पैसे मी देते.