बॉनेटचा पत्रा दबलाच पाहिजे

मायदेशातल्या गाड्यांच्या चर्चेत एक तक्रार हमखास असते: “पत्रा पातळ आहे, अंगठ्याने दाबला तरी आत जातो.” बॉनेटपुरतं तरी हे उलटं आहे. तो पत्रा दबायलाच हवा, कारण त्यावर आपटतं ते पायी चालणाऱ्याचं डोकं.

मोठ्या माणसाला आधी गुडघ्याजवळ बंपर लागतो, पाय जमिनीवरून उचलले जातात, कंबर बॉनेटच्या कडेवर आदळते आणि डोकं बॉनेटवर किंवा काचेवर येतं. पत्र्याखाली साधारण ६ ते ८ सेंटिमीटर मोकळी जागा असेल, तर तो दबत दबत धक्का शोषतो. लगेच खाली इंजिन, सस्पेन्शनचा टॉवर, बिजागरी किंवा वायपरचा दांडा असला, की घात होतो. जागाच नसेल तिथे काही कंपन्या धडकेच्या क्षणी बॉनेटची मागची बाजू उचलणारी यंत्रणा बसवतात. काचेशेजारचे खांब मात्र छत पेलतात, ते मऊ करता येत नाहीत; व्होल्वोने २०१२ साली व्ही४० मध्ये त्यांच्यासाठी बाहेर उघडणारी एअरबॅग दिली.

उंच, उभ्या नाकाच्या गाडीत हे सगळं गणितच फिरतं. माणूस बॉनेटवर चढत नाही, पुढे फेकला जाऊन चाकाखाली येऊ शकतो. लहान मुलाच्या तर थेट छातीला आणि डोक्याला मार बसतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दाखवलं, की ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त असते. त्यावर बंपरपुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावला, तर बंपरचा उरलासुरला मऊपणाही गेला. भारतात २०१७ पासून त्याला मनाई आहे, ती काटेकोर पाळायला हवी.

इथे युरोपात २००९ पासून युरो एनकॅपच्या, म्हणजे धडक-चाचण्या घेऊन गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या संस्थेच्या, स्टारमध्येच पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे गुण धरले जातात. भारतात पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी एआयएस-१०० हा नियम आहे, पण २०२३ च्या भारत एनकॅप या तशाच स्टार-चाचणीमध्ये स्टारसाठी गुण मोजले ते गाडीत बसलेल्यांचेच. पादचाऱ्यांपुरती फक्त पास-नापासची अट. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर दगावले. “पाच स्टार आहेत का?” एवढंच विचारून भागणार नाही. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स छापतातच. त्याच्याशेजारी बॉनेटच्या कडेची उंची आणि पादचाऱ्याच्या डोक्याच्या धडक-चाचणीचे गुणही मागा.